जत्रेचं लाइव्ह: १०८० ठेवू की ७२०? आणि जुनी कॅसेट अजून स्वच्छ का दिसते?

खाडीपलीकडचो | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार.

आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात. जत्रा तोंडावर आलीय. गेल्या वर्षी कमिटीने दहीकाल्याचं, म्हणजे जत्रेतल्या रात्रभराच्या दशावतारी नाटकाचं लाइव्ह करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. कारण एवढंच की गावात ट्रायपॉड असलेला मी एकटा. ज्यांना रजा मिळत नाही ते मुंबईचे लोक रात्रभर फोन धरून बसतात.

तर गेल्या वर्षी फोनवरून १०८०पी लावलं. पालखी फिरली तोवर सगळं बरं होतं. साडेबाराला नाटकातला काळ्या वेशातला संकासुर आला आणि चित्राची वाट लागली. तो नाचायला लागला की त्याच्या जागी नुसते काळे चौकोन, थांबला की परत माणूस. मधेच बफरिंगचं चक्र गोल गोल फिरत बसायचं. ठाण्याहून आत्याचा फोन, "अरे, राजाचा मुकुट दिसतो, तोंड काय ते दिसत नाही."

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, मामा, यंदा ४के करूया, रिझोल्यूशन वाढलं की क्वालिटी वाढणारच. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. शंका येण्याचं कारण घरातच आहे. आमच्याकडे २००४ सालच्या जत्रेची मिनीडीव्ही कॅसेट आहे. जुना कॅमेरा टीव्हीला जोडून परवा लावली. चित्र लहान, पण राजाच्या कपाळावरचा घाम दिसतो!

देवळाकडे मोबाईलचा अपलोड दुपारी ८ एमबीपीएस मिळतो, जत्रेच्या रात्री ३ ते ४.

आता सांगा, १०८० ठेवू की ७२०? आणि त्या कॅसेटचं गौडबंगाल काय?

आंबोळी | रात्री ९:२०

७२०. पुढचा धागा काढा.

चाकरमानी८७ | रात्री ९:३१

गेल्या वर्षी तुमचंच लाइव्ह बघत होतो बहुतेक. सकाळी बायको म्हणाली, रात्रभर काय ते कॅरम बघत होतास?

रापण | रात्री ९:४४

मेल्यांनो, दशावतार बघूचो आसा तर गावाक येवा. मोबाईलवर संकासुर बघून देव पावाचो नाय.

सुरंगी | रात्री ९:५८

रापणकाका, रजा तुम्ही मंजूर करणार का?

धागाकर्ते, सोप्या भाषेत सांगते. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला जाणारी माहिती, वाढायला मिळालेली डाळ. रिझोल्यूशन म्हणजे चित्रातले ठिपके (पिक्सेल), मांडलेली पानं. टोप एकच आहे. पानं दुप्पट मांडलीत तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी येणार किंवा डाळीत पाणी ओतावं लागणार. तुमचा भाचा म्हणतोय पानं चौपट मांडूया, म्हणजे जेवण चांगलं होईल.

बिटभट | रात्री १०:२६

सुरंगीताईंची पंगत आवडली, त्यात आकडे घालतो.

१०८०पी म्हणजे १९२० × १०८०, एका फ्रेममध्ये २०.७ लाख पिक्सेल. ७२०पी म्हणजे १२८० × ७२०, ९.२ लाख. ४के म्हणजे ३८४० × २१६०, ८३ लाख. सेकंदाला २५ फ्रेम धरा आणि हातात ३ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३० लाख बिट.

७२०ला साधारण ८ पिक्सेलमध्ये मिळून १ बिट येतो. १०८०ला १७ पिक्सेलमध्ये १. भाच्याच्या ४केला ६९ पिक्सेलमध्ये १.

आता तुमची कॅसेट. मिनीडीव्हीत चित्र ७२० × ५७६, जेमतेम ४.१ लाख पिक्सेल, पण व्हिडिओसाठी बिटरेट २५ एमबीपीएस. तिथे एका पिक्सेलला जवळजवळ अडीच बिट मिळतात. घाम दिसणारच. एका तासाच्या कॅसेटवर १३ जीबीच्या आसपास माल असतो. २००४ साली कित्येकांच्या घरच्या कॉम्प्युटरला ४० जीबीची हार्ड डिस्क होती, त्या मानाने बघा.

सड्यावरचा | रात्री १०:५१

बिटभट, हिशोब बरोबर, पण नुसता भागाकार करून चालत नाही. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवतात, आधीच्या फ्रेमकडे बघतच नाहीत. एच.२६४ किंवा एच.२६५ या व्हिडिओ दाबायच्या आजच्या पद्धती आधीचं बघून नवीन काढतात. त्यामुळे कमी बिटांत बरंच भागतं. अडीच बिट आणि एक सतरांश बिट यांची थेट तुलना म्हणजे हापूस आणि रायवळ एकाच तागडीत.

आणि पानं दुप्पट म्हणून डाळ दुप्पट, असंही नाही. शेजारशेजारचे पिक्सेल बऱ्याचदा सारखेच असतात. यूट्यूबने अपलोडसाठी सुचवलेले आकडे बघा. ३० फ्रेमला ७२०पी असेल तर ५ एमबीपीएस, १०८०पी असेल तर ८. पिक्सेल सव्वादोन पट, बिट दीडपटीच्या थोडेसे वर.

बिटभट | रात्री ११:०३

आणि त्याच यादीत ४केला ३५ ते ४५ आहेत. म्हणजे १०८०च्या चौपट पिक्सेलला चौपटीहून जास्त बिट. मग तुमचा नियम कुठे गेला?

सड्यावरचा | रात्री ११:१५

ते आकडे सढळ हाताने दिलेत. वर गेल्यावर ते पुन्हा एन्कोड करणारच (दाबणारच) असतात, म्हणून कच्चा माल चांगला मागतात. तो निसर्गाचा नियम नव्हे. पण ठीक आहे, माझं उदाहरण फसलं, मान्य. मूळ मुद्दा राहतोच, किती बिट लागतील ते समोर काय चाललंय यावर आहे.

संकासुर नाचला की चौकोन आणि थांबला की माणूस, असं धागाकर्ते म्हणतात. सगळं उत्तर त्यातच आहे. एन्कोडर दर काही सेकंदांनी एक अख्खी फ्रेम पाठवतो. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते. राजा सिंहासनावर बसून बोलतोय, मागचा पडदा तोच, तर निरोप जातो की मागचंच राहू दे, ओठ तेवढे बदल. खर्च जवळपास शून्य. राजा चालत डावीकडे गेला तरी स्वस्तात काम होतं, हा तुकडा इतका सरकव एवढंच सांगायचं. पण संकासुर गिरकी घेतो तेव्हा कापड सरकत नाही, उलगडतं, दुमडतं, सावल्या बदलतात. जुन्यातलं काहीच कामाला येत नाही. सगळं नव्याने पाठवायचं आणि हातात तेच ३ एमबीपीएस. मग एन्कोडर बारकावे टाकायला लागतो. तुकड्यातली बारीक नक्षी गेली की उरतो सपाट चौकोन.

याच कारणाने समुद्राच्या लाटा, पाऊस, वाऱ्यावरच्या माडाच्या झावळ्या आणि उधळलेला गुलाल ही एन्कोडरची चार वैरी मंडळी. कोकणात राहून त्यांना टाळणार कुठे!

घावणे | रात्री ११:३२

अवांतर: म्हणूनच आमच्या डीटीएचला जुलैत राजा-राणी सगळे चौकोनी होतात का?

सड्यावरचा | रात्री ११:४०

नाही, ते वेगळं. तिथे बिट कमी दिलेले नसतात, वाटेत हरवतात. डीटीएच उपग्रहाच्या केयू बँड लहरींवर चालतं आणि तो बँड मुसळधार पावसात मार खातो. अँटेनाच्या काळात सिग्नल अशक्त झाला की मुंग्या यायच्या, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत चित्र झकास आणि मग एकदम कडेलोट.

घावणे | रात्री ११:४३

मुंग्यांची आठवण काढून रडवलंत.

तांबडामाड | मंगळवार, सकाळी ७:५०

रात्री झोपलो आणि धागा लांब गेला.

मी लग्नाची शूटिंग करतो, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात. दोन गोष्टी कुणी बोललंच नाही.

एक, उजेड. दशावताराला मागे काळोख, समोर दोन हॅलोजन. फोन काळोखात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता चढवतो, चित्रात दाणे येतात. ते दाणे प्रत्येक फ्रेमला वेगळे. एन्कोडरला वाटतं तेवढं सगळं हललं! काळ्या रिकाम्या कोपऱ्यातल्या दाण्यांवर बिट उधळले जातात आणि राजाच्या तोंडाला काही उरत नाही. रंगमंचावर एक चांगला पांढरा एलईडी वाढवा आणि आयएसओ हाताने बांधून टाका. निम्मा त्रास तिथेच संपेल.

दोन, लाल रंग. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची आडवी निम्मी आणि उभी निम्मी, म्हणजे पाव. आपल्या डोळ्यांना एरवी कळत नाही. पण काळ्या पडद्यासमोर लालभडक शेला आला की त्याच्या कडा भिजल्यासारख्या पसरतात. नवऱ्या मुलीच्या लाल शालूवरून मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्यात. कमी रिझोल्यूशनला हे जास्त जाणवतं, म्हणून डोळे झाकून ७२० म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. माझ्या मते उजेड दिलात तर १०८० चालेल.

आंबोळी | सकाळी ८:०५

३ एमबीपीएसला १०८०? तांबडामाड, तुम्ही लग्नं करता, लाइव्ह नाही.

तांबडामाड | सकाळी ८:११

लग्नंसुद्धा लाइव्ह करतो. २०२० मध्ये दुसरं होतं काय? मोजकी माणसं मांडवात आणि बाकी गाव फोनवर.

सुरंगी | सकाळी ९:३०

शूटिंगवाल्यांचं खरं आहे, पण त्यांचा नवरदेव अंतरपाटामागे उभा असतो. दशावतारात तलवारी फिरतात.

चाकरमानी८७ | सकाळी १०:०२

अंतरपाट दूर झाल्यावर काही नवरदेवही फिरतात.

दादरची_कोकणी | सकाळी ११:१८

बघणाऱ्यांच्या बाजूने सांगते. मी लोकलमध्ये, फोन सहा इंचांचा. त्यावर ७२० आणि १०८० मला कळत नाही. सासूबाई घरी ४३ इंची टीव्हीवर लावतात, त्यांना कळतं. पण दोघींनाही कशाचा राग येतो सांगू? आवाज तुटला की! पखवाज आणि झांज बंद पडली तर चित्र कितीही चांगलं असो, दशावतार संपला. चित्र धूसर चालेल, गोल फिरलेलं चालणार नाही.

बिटभट | सकाळी ११:४०

+१. आणि आवाज किती स्वस्त आहे बघा. एएसी (आवाज दाबायची पद्धत) १२८ केबीपीएस पुरे, ३००० पैकी १२८. त्याला हात लावू नका. फोनच्या माइकवर न ठेवता साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या.

शिवाय धागाकर्त्यांनी दोन दुखणी एकत्र सांगितलीत, ती वेगळी करूया. चौकोन येणं म्हणजे बिट कमी. गोल फिरणं म्हणजे तुम्ही पाठवताय त्यापेक्षा रस्ता अरुंद. तुम्हाला दोन्ही झालं, म्हणजे बिटरेट एकाच वेळी चित्राला कमी आणि नेटला जास्त होता. यातून सुटायला पिक्सेल कमी करण्यावाचून गत नाही.

मी असतो तर लॅपटॉपवर ओबीएस हे लाइव्हचं सॉफ्टवेअर लावून असं केलं असतं. ७२०पी, २५ फ्रेम. बिटरेट कायम, म्हणजे सीबीआर. रात्रीच्या अपलोडच्या फार तर दोन तृतीयांश, ३.५ मिळत असतील तर २.३. अख्खी फ्रेम दर २ सेकंदांनी. आणि मोजणी दुपारी नव्हे, जत्रा भरल्यावर.

भाचाच_बोलतोय | दुपारी १:१५

नमस्कार. मीच तो भाचा. मामांनी माझी इथे चांगली इज्जत काढली आहे.

माझा मुद्दा कुणी समजूनच घेतला नाही. मी लाइव्हचं म्हणत नव्हतो. रेकॉर्ड करून नंतर यूट्यूबवर टाकायचं असेल तर ४केचा फायदा होतो. १०८०चा व्हिडिओ १४४० किंवा ४के करून टाकला की तिकडे त्याला जास्त बिटरेट मिळतो, बऱ्याचदा कोडेकही (दाबायची पद्धत) चांगला मिळतो. हे बरेच जण करतात.

दुसरं, २५ फ्रेम कशाला? तलवारबाजीला ६० पाहिजेत.

सड्यावरचा | दुपारी १:४२

भाचेबुवा, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. मामांनी अर्धवट सांगितलं.

दुसरा नाही. ६० फ्रेम म्हणजे त्याच डाळीत आणखी पानं. फ्रेम जवळजवळ असल्याने फरक कमी असतो, त्यामुळे दुप्पट बिट लागत नाहीत, पण लागतात. आणि आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३० किंवा ६० फ्रेमला शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, पट्टे गायब. नाहीतर पट्ट्यांवरही बिट जाणार.

रापण | दुपारी २:१०

आमच्या जाळ्याचापण असाच. बारीक आसाचा जाळा घेतला म्हणून मासो वाढणा नाय, दर्यात मासो व्हयो.

सुरंगी | दुपारी २:१४

रापणकाका, एवढ्या मोठ्या धाग्यात हे सगळ्यात चांगलं वाक्य.

घावणे | दुपारी ३:००

अवांतर २: मेव्हण्याने दुबईहून बारशाचा व्हिडिओ पाठवला, बाळ कुठलं आणि उशी कुठली कळत नाही. म्हणतो ४केमध्ये काढलाय.

बिटभट | दुपारी ३:२२

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तो दाबूनच जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, आहे तसा येईल, २ जीबीपर्यंत चालतं. आणि आलेला पुढे ढकलू नका, मूळ फाइल मागा. दाबलेलं पुन्हा दाबणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

खाडीपलीकडचो | बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. भाच्याची जाहीर माफी मागितली आहे.

आज रंगीत तालीम केली. भाच्याला काळी घोंगडी पांघरून देवळासमोर नाचवला. २.३ एमबीपीएस कायम ठेवून आधी १०८०, मग ७२०. आत्याला ठाण्यात फोनवर बसवलं, कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. भाचा उभा होता तेव्हा ती म्हणाली, पहिलं जास्त कोरीव आहे. नाचला तेव्हा म्हणाली, पहिलं बंद कर, दुसरं लाव. तलवार फिरवली तेव्हा दोन्हीला नावं ठेवली.

देवळामागच्या घरी फायबर आहे हे कमिटीत कुणालाच आठवलं नव्हतं. अंतर ८० मीटर. लॅनची वायर चालेल का?

सड्यावरचा | रात्री १०:५२

१०० मीटरपर्यंत बेलाशक. वायर झाडावरून न्या, खाजेवाल्यांच्या दुकानांच्या पायात नको. फायबर मिळालं तर पुन्हा १०८०चा विचार करा.

आंबोळी | रात्री १०:५४

नको.

खाडीपलीकडचो | जत्रेनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

आजच झोपून उठलो. अहवाल देतो.

फायबरवर अपलोड १० मिळाला. मोह झाला, पण आंबोळींचा "नको" डोळ्यांसमोर होता. मधला मार्ग काढला, १०८०, २५ फ्रेम, ६ एमबीपीएस. एक एलईडी जास्तीचा. संकासुर अख्खा दिसला. आत्याने फोन केला नाही, म्हणजे सगळं ठीक.

तीन वाजता लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, रंगमंच जनरेटरवर, पण ज्या घरात राउटर होता त्या घरच्या इन्व्हर्टरला राउटर जोडलेलाच नव्हता! धावत जाऊन दार वाजवलं, आजी उठेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ मोबाईलच्या नेटवर ७२०, २ एमबीपीएस, आधीच सेव्ह करून ठेवलेलं. तलवारी त्याच वेळी निघाल्या. जरा चौकोन झाले, पण गोल फिरलं नाही आणि पखवाज एकदाही तुटला नाही. पहाटे दहीहंडी फुटली ती परत फायबरवर.

तर आंबोळी, तुम्हीही बरोबर आणि तांबडामाडही.

आता नवीन दुखणं. कार्डावर वेगळं रेकॉर्डिंग केलंय, १०८०, १६ एमबीपीएस, पाच तास, ३६ जीबी. मंडळाला मुंबईत मूळ फाइल हवी आहे. फायबर आज दुपारपासून बंद, दुरुस्तीवाला कधी येईल देव जाणे. मोबाईलवर अपलोड ४. किती वेळ लागेल?

बिटभट | संध्याकाळी ६:४५

३६ जीबी म्हणजे २८८ गिगाबिट. ४ एमबीपीएसने ७२ हजार सेकंद. २० तास, मधे न तुटता.

तांबडामाड | संध्याकाळी ६:५२

पेन ड्राइव्ह द्या एसटीच्या रातराणीत कुणाच्या तरी हातात. १२ तास धरा.

बिटभट | संध्याकाळी ६:५८

१२ तास म्हणजे ४३,२०० सेकंद. २८८ गिगाबिटला भागलं तर ६.७ एमबीपीएस. एसटी जिंकली.

रापण | संध्याकाळी ७:०३

आणि बफरिंग माणगावच्या ट्रॅफिकात.